गुणांचा सत्कार, चुकांची रद्दी : गोंदियातल्या पालकांनी प्रवेश परीक्षांकडे कसं पाहावं?

निकालाचा हंगाम आला की गोंदियात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे गुणगौरव सोहळे. हॉलमध्ये स्टेज, बॅनरवर मुलामुलींचे फोटो, शाल, मोमेंटो आणि पाहुण्यांची भाषणं. दुसरी गोष्ट मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. वर्षभर सोडवलेल्या सराव परीक्षांचे पेपर, लाल पेनाच्या फुल्या असलेल्या उत्तरपत्रिका आणि झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. अम्मी म्हणते, घर मोकळं झालं. मुलगाही सुटकेचा श्वास टाकतो, कारण त्या फुल्या पुन्हा पाहाव्या लागणार नाहीत.

सत्कार व्हायलाच हवेत, त्याला कुणाची हरकत नाही. पण रद्दीत जे जातं ते घरातलं सगळ्यात महाग सामान असतं. टेस्ट सिरीजची फी भरून, पहाटे उठून आणि तीन-तीन तास बसून मुलाने त्या चुका कमावलेल्या असतात. आपलं नेमकं कुठे अडतं हे त्या कागदांइतकं खरं दुसरं कुणीच सांगत नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथे महागडा क्लास प्रत्येकाच्या आवाक्यात नाही, तिथे चुकलेलं उत्तर हाच सगळ्यात स्वस्त शिक्षक आहे. आपण मात्र त्यालाच किलोच्या भावाने विकतो.

सीट गोंदियाची, स्पर्धा साऱ्या राज्याची

गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. केटीएस आणि बाई गंगाबाई ही दोन रुग्णालयं त्याला जोडलेली आहेत. ज्या रुग्णालयात आपली मुलं जन्मली, तिथेच ती डॉक्टर होऊन फिरतील, हे स्वप्न त्यामुळे अनेक घरांत आलं. पण कॉलेज घराजवळ आलं म्हणून सीट जवळ आली असं होत नाही. पूर्वी राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी ७०:३० चं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के बाकीच्या राज्याला मिळत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने हे सूत्र रद्द केलं. तेव्हापासून देवरीचा मुलगा आणि लातूरची मुलगी एकाच यादीत उभे असतात. आपल्या भागाचा म्हणून मिळणारा आधार आता नाही.

आकडे पाहिले की गर्दीचा अंदाज येतो. २०२५ च्या नीटला देशभरातून २२ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले. त्यातले १२ लाख ३६ हजारांवर पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेचे गुण ७२० पैकी १४४ होते. म्हणून "नीट पास झाला" ऐकून पेढे वाटणाऱ्या घराला दोन महिन्यांनी कळतं की पास होणं आणि सीट मिळणं यात फार मोठं अंतर आहे. काही मुलांसाठी हे अंतर पन्नास-साठ गुणांचं असतं. पन्नास-साठ गुण म्हणजे दहा-बारा प्रश्न. आणि हे दहा-बारा प्रश्न बहुतेक वेळा नवे नसतात. तीच चूक मुलाने सराव पेपरात दोनदा-तीनदा केलेली असते, पण कुणी थांबून पाहिलेलं नसतं.

एका शब्दाची किंमत पाच गुण

एका चुकलेल्या उत्तराने काय होऊ शकतं, हे २०२४ साली सगळ्या देशाने पाहिलं. त्या वर्षीची नीट पेपरफुटीच्या आरोपांमुळे गाजली. पण विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात मोठा धडा भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात होता. त्यात अणूविषयी दोन विधानं होती. दुसरं विधान असं की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि त्यांचा विशिष्ट वर्णपट असतो. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत मात्र "प्रत्येक" च्या जागी "बहुतेक" आलं होतं, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात.

एनटीएने आधी दोन्ही उत्तरं बरोबर धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला आणि एकच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं. २३ जुलै २०२४ ला न्यायालयाने तेच ग्राह्य धरलं. जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर देणाऱ्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण गेले. मिळालेले चार गेले आणि वरून एक वजा झाला. पूर्ण ७२० गुण मिळवणाऱ्यांची यादी ६१ वरून १७ वर आली. म्हणजे देशातल्या पहिल्या रांगेतली ४४ मुलं त्याच प्रश्नाच्या गुणांवर पूर्ण गुणांपर्यंत पोहोचली होती.

आता आपल्या घरांचा विचार करा. पुस्तकं कुठून येतात? भाईजानची पुस्तकं धाकट्या बहिणीकडे, मामूच्या मुलाची आपल्याकडे. ही बचत चांगलीच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या चार लाखांतल्या बहुतेकांनी अभ्यास केलेला होता, वाक्यही पाठ होतं. चूक त्यांच्या मेहनतीत नव्हती, पुस्तकाच्या आवृत्तीत होती. जुनं पुस्तक जरूर वापरा, पण एकदा नव्या आवृत्तीशी ताडून पाहा. एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे.

प्रत्येक चुकीला एक पत्ता असतो

ही गोष्ट डोक्यात ठेवून मुलाचा सराव पेपर उघडा. आपल्याकडे साधारण काय होतं? पेपर झाला की गुण विचारले जातात. "किती पडले?" "तीनशे ऐंशी." "मागच्या वेळी चारशे होते ना?" विषय संपला. पुढच्या रविवारी पुढचा पेपर. शंभर पेपर सोडवून झाल्यावरही मुलगा त्याच ठिकाणी पडतो, कारण चूक कोणत्या पत्त्यावरून आली हे कुणी शोधलेलंच नसतं.

लहान वर्गाचं उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय नवेगाव बांधला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीची मुलं परीक्षा देतात. ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास वेळ. समजा प्रश्न आला : ८ + ४ × ३ = किती? उत्तर २०. पण खूप मुलं ३६ वर गोल करतात. ३६ निवडणाऱ्या मुलाला बेरीज येते, गुणाकारही येतो. त्याला येत नाही तो क्रम. आधी गुणाकार, मग बेरीज, एवढंच त्याला सांगायचं आहे. त्याऐवजी आपण "गणित कच्चं आहे" म्हणतो आणि दोनशे गणितं सोडवायला बसवतो. चुकीचा पर्याय काय निवडला हे पाहिलं असतं, तर काम दहा मिनिटांत झालं असतं.

नीट असो, सीईटी असो की नवोदय, चुका साधारण चार पत्त्यांवरून येतात. एक, विषयच माहीत नव्हता. दोन, माहीत होतं पण हिशेबात किंवा एककात घसरलो, म्हणजे सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले. तीन, प्रश्न नीट वाचला नाही किंवा भाषा अडली. चार, उत्तरपत्रिकेवर गोल भलतीकडे रंगवला. प्रत्येकाचा इलाज वेगळा. पहिल्याला धडा पुन्हा वाचावा लागतो. दुसऱ्याला हळू लिहिण्याची सवय लागते. तिसऱ्याला वाचन लागतं. चौथ्याला घड्याळ लावून खऱ्या उत्तरपत्रिकेवर सराव लागतो. चारही दुखण्यांवर "अजून अभ्यास कर" हे एकच औषध देणं म्हणजे तापाला आणि मोडलेल्या हाताला एकच गोळी देण्यासारखं आहे.

यासाठी दहा-वीस रुपयांची वही पुरते. तारीख, प्रश्न, मी काय निवडलं आणि का, बरोबर काय आणि का. "का" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "चुकून झालं" हे उत्तर तिथे चालणार नाही. आणि त्या वहीत अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही लिहायचे. गुण मिळाले म्हणून मुलगा ते सोडून देतो, पण त्याला ते येत नव्हतेच. खऱ्या परीक्षेत तोच अंदाज उलटा पडू शकतो.

संशोधन काय सांगतं?

हे फक्त वडीलधाऱ्यांचं म्हणणं नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी धडा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. आपली मुलं "वाचलं की समजतं, पेपरात आठवत नाही" म्हणतात, त्याचं कारण इथे सापडतं.

दुसरी गोष्ट आणखी कामाची आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांना २००१ मध्ये असं दिसलं की, ज्या उत्तराबद्दल माणसाला पक्की खात्री असते आणि तेच चुकतं, ती चूक बरोबर उत्तर सांगितल्यावर जास्त चांगली दुरुस्त होते. धक्का बसतो आणि लक्षात राहतं. म्हणून "मला तर हेच बरोबर वाटत होतं" असं मुलगा म्हणतो, तेव्हा तो प्रश्न सोन्याचा आहे असं समजा.

पण एक सावधगिरीही आहे. रोडिगर आणि मार्श यांच्या २००५ च्या अभ्यासात आढळलं की, पर्यायी प्रश्न सोडवून उत्तरं तपासलीच नाहीत, तर चुकीचे पर्यायच खरे म्हणून डोक्यात बसू शकतात. म्हणजे न तपासलेला सराव फुकट जातो एवढंच नाही, तो नुकसानही करतो. तीन तासांचा पेपर दिला, तर त्याच्या पोस्टमॉर्टमला किमान तेवढाच वेळ द्या. आठवड्यात तीन पेपर देऊन एकही न तपासण्यापेक्षा एक पेपर देऊन तो पूर्ण तपासणं केव्हाही बरं. वहीतले जुने प्रश्न आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने, उत्तर झाकून सोडवायचे. दोनदा बरोबर आले तरच ते वहीतून खोडायचे.

घरात एक भाषा, शाळेत दुसरी, पेपरात तिसरी

चार पत्त्यांपैकी तिसरा आपल्या घरांसाठी खास आहे. गोंदिया मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरचा जिल्हा. आपल्या अनेक घरांत हिंदी-उर्दू बोलली जाते, मूल मराठी किंवा उर्दू शाळेत जातं आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी येतं. एकच गोष्ट मराठीत पेशी, हिंदीत कोशिका, उर्दूत खलिया आणि इंग्रजीत सेल. मराठीतलं प्रकाशसंश्लेषण उर्दूत जियाई तालीफ होतं. मुलाला विषय कळलेला असतो, पण पेपरातला शब्द ओळखीचा नसतो. मग निकालात "बायोलॉजी कच्ची" असं दिसतं. कच्चा असतो तो शब्दांचा पूल.

नीट १३ भाषांत देता येते. त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. भाषेचा पर्याय घेतला की प्रश्नपुस्तिकेत इंग्रजी मजकूरही सोबत असतो आणि भाषांतरात शंका निघाली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. म्हणून मराठी किंवा उर्दूतून पेपर देणाऱ्यांनीही इंग्रजी शब्दांची यादी करून ठेवली पाहिजे. आणि "खालीलपैकी चुकीचं विधान ओळखा" या प्रश्नातल्या "चुकीचं" शब्दाखाली रेघ मारण्याची सवय आजपासून लावा. पहिला पर्याय बरोबर दिसला की गोल करून पुढे जाणारी मुलं इथेच फसतात.

अंदाज मारायचा की सोडायचं?

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि उत्तर परीक्षेप्रमाणे बदलतं. नवोदय आणि एमएचटी-सीईटीमध्ये निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे एकही प्रश्न रिकामा सोडू नये. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. डोळे मिटून चार प्रश्नांवर अंदाज मारला तर सरासरी एक बरोबर, तीन चूक, म्हणजे चार वजा तीन, एक गुण हाती. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक, म्हणजे दोन गुण हाती.

कागदावर अंदाज फायद्याचा दिसतो. पण पेपर काढणारे अर्धवट माहितीवाल्याला ओढून नेणारे पर्याय मुद्दाम ठेवतात. तुमच्या मुलाचा अंदाज सरासरीपेक्षा चांगला लागतो की वाईट, हे कुणी क्लासवाला सांगू शकत नाही. ते त्याची चुकांची वही सांगते. दहा सराव पेपरांतले अंदाज मोजा. पाचातला एकही बरोबर येत नसेल तर तिथे हात आवरायला शिकवा.

परीक्षा घेणारेही चुकतात

सगळी चूक मुलाचीच असते असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये एमएचटी-सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत पर्यायांचा घोळ निघाला. सीईटी कक्षाला ५ मे रोजी सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. मुलांनी आणि पालकांनी आवाज उठवला म्हणूनच हे झालं.

नीटनंतर एनटीए उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत आणि तात्पुरती उत्तरतालिका देते. प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये भरून हरकत घेता येते. सीईटीमध्ये ही फी प्रश्नामागे हजार रुपये राहिली आहे. सामान्य घरासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून हरकत घेण्याआधी पुस्तकाचं पान हाती हवं, नुसता संशय पुरत नाही. ही उत्तरपत्रिका डाउनलोड करून जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा बसणाऱ्यासाठी ती सगळ्या गाइडांपेक्षा मोलाची आहे. ती न पाहता केलेला दुसरा प्रयत्न म्हणजे पहिल्याच वर्षाची झेरॉक्स.

चूक लपवावी लागते, तेव्हा शिकणं थांबतं

शेवटचा मुद्दा घराचा आहे. कमी गुण आले की ओरडा बसतो, हे माहीत असलेलं मूल पेपर लपवतं. कधी गुण वाढवून सांगतं. त्या क्षणी आपण त्याची चूक सुधारण्याचा रस्ता स्वतःच्या हाताने बंद करतो. काही पालक म्हणतात, चुका मोजत बसलं तर मूल खचेल. खचवतात त्या तुलना. "शेजारच्या मुलाला बघ" ऐकून खचणारं मूल "हा पर्याय तुला का बरोबर वाटला?" या प्रश्नाने खचत नाही. उलट त्याला वाटतं, अब्बांनी माझा विचार विचारला. अब्बांना फिजिक्स येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो.

मुलींबाबत हे जास्त महत्त्वाचं आहे, स्पष्टच बोलू. मुलाला दुसरं, तिसरं वर्ष रिपीट करू देणारी घरं मुलीला बऱ्याचदा एकच संधी देतात. नवोदयला तर मुलगा असो की मुलगी, सहावीसाठी एकदाच बसता येतं. ज्यांना एकच संधी आहे, त्यांच्या चुका परीक्षेच्या आधीच सापडल्या पाहिजेत. तिची सराव उत्तरपत्रिका तपासायला घरात कुणी तरी बसलंच पाहिजे.

आणि मोहल्ल्याचं काय? २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत आपण सुमारे दोन टक्के आहोत. आपल्या बळावर मोठा क्लास उभा करणं अवघड आहे. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, लातूर त्याहून कितीतरी लांब, आणि तिथलं राहणं-खाणं परवडणारी घरं मोजकी. पण आपण थोडे आहोत म्हणून एकमेकांना ओळखतो, हीच आपली ताकद होऊ शकते. लातूर पॅटर्नचं नाव आपण आदराने घेतो. त्याच्या मुळाशी वारंवार चाचण्या आणि त्यांची तपासणी हीच गोष्ट आहे. त्यासाठी लातूरला जाण्याची गरज नाही. रविवारी दोन तास एखादा हॉल, दहा-बारा मुलं, एमबीबीएस किंवा इंजिनिअरिंगला शिकणारा एखादा भाईजान किंवा आपा, आणि मुलांनी आणलेले फक्त चुकलेले प्रश्न. एकाने चुकवलेला प्रश्न दुसऱ्याने समजावून सांगायचा. गुणगौरव सोहळ्याच्या बॅनर आणि मोमेंटोच्या खर्चात अशी बैठक वर्षभर चालेल.

सोहळे बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण पुढच्या सत्काराच्या स्टेजवर मुलीने मार्कशीटसोबत आपली चुकांची वहीही आणावी आणि खाली बसलेल्या नववी-दहावीच्या मुलांना सांगावं की मी हे एवढे प्रश्न चुकले होते. खाली बसलेल्या ज्या मुलाचा पेपर दप्तराच्या तळाशी लपलेला आहे, त्याला त्या दिवशी तो बाहेर काढायची हिंमत येईल.

तोपर्यंत एवढं करा. यंदा रद्दीवाला दारात आला, तर वर्तमानपत्रं द्या, जुने डबे द्या. लाल फुल्यांचा गठ्ठा मात्र ठेवून घ्या.